अण्णाचा उंट, आईची चुंबळ

फोन आला तेव्हा मी कुकरशी भांडत होते. शिट्टी व्हायच्या ऐवजी झाकणाच्या कडेनं फुसफुस वाफ जात होती, डाळ शिजायचं नाव घेत नव्हती, आणि मी एकटीच त्या कुकरला 'मेल्या, आज तुला भंगारातच घालते' म्हणून दम देत होते. निवृत्त मास्तरणीला दम द्यायला घरात दुसरं असतं कोण? फोन श्रीगोंद्याहून होता, इंदूवहिनींचा. माझ्या थोरल्या भावाची बायको. या बाईचा आवाज कधी चढत नाही की उतरत नाही. त्याच सरळ आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमी निघा. अण्णा ऱ्हायले न्हाईत." मी म्हटलं, अहो काहीतरीच काय, काल तर बोलला माझ्याशी... "दुकानात, इस्टुलावर बसल्याजागी. हातात पाना हुता." मी गॅस बंद केला. डाळ तशीच राहिली. आज त्याला दोन महिने होत आले, कुकरची रबरी रिंग अजून बदललेली नाही. असली कामं अण्णा आला की करायचा, आणि करताना मला अडाणी म्हणायचा.

कागदोपत्री आमचं शहर आता अहिल्यानगर, पण मी अजून नगरच म्हणते; तर नगरहून मी एसटीनं श्रीगोंद्याला पोचले तेव्हा अण्णाला त्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानापुढंच ठेवलं होतं. शेडच्या कडेला उंट उभा होता. उंट म्हणजे अण्णानं निम्मं आयुष्य घालवून बनवलेलं लोखंडी यंत्र. दोन चाकांवर लांब मान वर करून उभं असायचं म्हणून लोकांनी त्याला ते नाव पाडलं होतं. त्या मानेला जमलेल्या मंडळींनी पिशव्या अडकवल्या होत्या. कुणी टोपी, कुणी टॉवेल. मला वाटभर आवरून धरलेलं रडू यायला लागलं होतं, ते तिथल्या तिथं आटलं, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "काढा आधी त्या पिशव्या! खुंटी हाय का ती?" माणसं दचकली. भाऊ पुढ्यात निजलाय आणि ही बया पिशव्यांवरून भांडतीय, असं म्हणाली असतील. म्हणू देत. वहिनी रडता रडता उठल्या आणि एकेक पिशवी उतरवून ज्याची त्याच्या हातात दिली.

आम्ही मूळचे खर्ड्याच्या पलीकडचे. तिथल्या किल्ल्यावर उभं राहून पाहिलं की जेवढी कोरडी जमीन दिसते, त्यातला एक तुकडा आमचा. दिवाळी झाली की गावात ट्रक यायचे आणि माणसं, भांडी, कोंबड्या, शेळ्या, लेकरं असं सगळं एकावर एक चढवून ऊसतोडीला निघायचे. आई-वडील श्रीगोंद्याच्या बाजूला साखर कारखान्यांचा ऊस तोडायचे, आणि आम्ही दोघं भावंडं कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, त्यांच्याबरोबर हंगाम काढायचो. त्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी एकटाच आला तर अर्धा कोयता. मुकादमाला, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याला, 'औंदा किती कोयते आनले?' असंच विचारतात. माझी आई ही अशी आयुष्यभर निम्मा कोयता होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं याच्यावरच येऊन अडलं.

कोपींच्या जवळ पत्र्याच्या खोलीत आमची साखरशाळा भरायची. हंगामापुरती शाळा, एकच मास्तर, आणि भिंतीवर एकच तक्ता: 'मानवाचे महान शोध'. चाक, छापखाना, वाफेचं इंजिन, विजेचा दिवा, टेलिफोन, विमान. अण्णा त्या तक्त्यापुढून हलायचा नाही. मी त्यातली रंगीत चित्रं बघायची. तो बहुतेक काहीतरी शोधत असायचा. एकदा गुरुजींनी विचारलं, यातला सगळ्यात मोठा शोध कोणता रे? पोरं ओरडली, इमान! इंजान! अण्णा उभा राहून म्हणाला, "गुर्जी, ह्यात मोळी उचलायचं कायच न्हाई?" गुरुजी हसले. मग आम्ही सगळे हसलो. मोळी म्हणजे तोडलेल्या उसाचा बांधलेला भारा. तो डोक्यावर घ्यायचा, ट्रकला लावलेल्या हातभर रुंदीच्या फळीवरून वर चढायचं, वर टाकायचा, खाली उतरायचं, की पुढची मोळी. वीज आली, विमान आलं, फोन आला, आणि मोळी होती तिथंच होती... आईच्या डोक्यावर. तक्त्यात खरंच नव्हतं त्यावर काही.

त्याच हंगामात आई फळीवरून घसरली. सकाळची वेळ, दवानं फळी ओली, पायात फाटकी चप्पल. मी कोपीत होते. अण्णानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि मरेपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आई वाचली, पण तिची मान कायमची पुढं झुकली. तिला वर बघता येत नसे. विमान गेलं की अण्णा सांगायचा, "आये, इमान चाललंय बग वरनं." ती जमिनीकडं बघत म्हणायची, "आवाज यितोय की. जाऊ दी त्याला." आणि तुम्हाला वाटेल की अशी मान झाल्यावर बाई घरी बसली असेल. कुठली बसतेय! पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा ट्रकमध्ये. ती नसती तर वडील अर्धा कोयता झाले असते, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी जवळ करत नसे. अण्णा तेव्हा केवढासा, पण तो तिच्यापुढं उभा राहून म्हणाला होता, "आये, म्या मोठा झालो की तुजी मोळी खाली उतरवीन." आई म्हणाली, "उतरीव माज्या लेकरा. तवर तेवढी चुंबळ नीट वळून दी." चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळी. जुन्या लुगड्याची, घट्ट पिळलेली. अण्णा ती छान वळायचा. आई गेली तेव्हा तिची शेवटची चुंबळ त्यानं ठेवून घेतली आणि पुढं दुकान टाकल्यावर तिथं खिळ्याला टांगली.

मी शिकले, मास्तरीण झाले, आणि नोकरीभर मुलांना 'शोधांमुळे मानवाचे जीवन सुखी झाले' हे वाक्य लिहायला लावलं. कुठल्या मानवाचं, ते पुस्तकात नव्हतं. अण्णा दहावीला गटांगळी खाऊन वेल्डिंग शिकला आणि त्यानं श्रीगोंद्यातच भाड्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं. गेट, ग्रिल, ट्रॉलीच्या बाजूचे फाळके. हात चांगला होता, जीभ त्याहून चांगली होती. खंडेनवमीला सगळे कारागीर आपली हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. अण्णाकडं हत्यारांच्या पाटाशेजारी आणखी दोन पाट असायचे. त्यातल्या एकावर दर साली एक नवी वस्तू. त्या सालचा जगातला सगळ्यात मोठा शोध! शेजारचे दुकानदार, गिऱ्हाइकं, मी, सगळ्यांना चहापेढे देऊन तो त्या वस्तूवर भाषण ठोकायचा आणि मग भांडणाला तोंड फुटायचं. एका साली साधा स्क्रू मांडला. एकदा साबणाची वडी, आणि वर म्हणे, "हिनं जेवढी मानसं वाचवली तेवढी डाक्टरांच्या बापानं वाचवली न्हाईत." एकदा वहिनींचा चष्माच पाटावर, त्या बिचाऱ्या दिवसभर चाचपडत पेढे वाटत होत्या. एका साली माझ्यासाठी घेतलेला हाच कुकर, शिट्टीवर झेंडूचं फूल खोचून.

माझं म्हणणं ठरलेलं. लिहिणं हाच सगळ्यात मोठा शोध. "अक्षर नसतं तर तुझा स्क्रू एका गावातून दुसऱ्या गावात गेला असता का रे?" मी म्हणायची. "शारदे, स्क्रू निस्ता बघून कळतो. अक्षर बघून कळतंय व्हय? त्याला मास्तर लागतो. तुजा पगार चालू ऱ्हावा म्हून तू अक्षराच्या बाजूनं हाईस." सगळे खो खो हसायचे आणि मी खरोखरीच चिडायची. त्याची कसोटी एकच होती, कुणाच्या अंगावरचा भार किती उतरला. एवढं असून चाक त्यानं कधी मांडलं नाही. मी एकदा खोदून विचारलं, जगातली पोरंटोरंसुद्धा चाकाचं नाव आधी घेतात, तुझ्याच कसं गळी उतरत नाही? म्हणाला, "चाक गाडीखाली गेलं. पर गाडीपतूर मोळी कुनी न्यायची?" दुसरा पाट मात्र रिकामाच असायचा. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही फूल. नवखं कुणी विचारायचं, ह्यो कुनाचा? अण्णा म्हणायचा, "यायचाय त्यो. वाटंवर हाय."

तो म्हणजे उंट. किती वर्षं लागली, ते वहिनींना विचारा. दिवसा दुसऱ्यांची गेटं, आणि सांज झाली की उंट. आधी चाकं काळ्या रानात रुतायची. ती रुंद केली तर मान एका अंगाला कलायची. मान सरळ केली तर साखळीत पाचट अडकायचं. दर खेपेला मी म्हणायची, "अरे बाबा, सोड आता हे. वहिनींकडं बघ जरा, किती दिवस त्या गळक्या पत्र्याखाली भाकरी थापतायत?" आणि वहिनी मलाच गप्प करायच्या, "करू द्या हो ताई. दारू पीत न्हाईत, पत्तं खेळत न्हाईत, लोखंडाशी खेळत्यात." शेवटी एकदाचा उंट उभा राहिला. डिझेल नको, वीज नको. कंबरेच्या उंचीवर लोखंडी पाळणा, त्यात मोळी आडवी ठेवायची, आणि बाजूचा दांडा फिरवायचा. पाळणा साखळीवरून मानेवर चढत जायचा आणि ट्रकच्या वर पोचला की आपोआप कलंडून मोळी आत टाकायचा. दांडा इतका हलका, की मी एका हातानं फिरवला. मी, जिला बरणीचं झाकण उघडत नाही!

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. गावाबाहेरच्या एका उसाच्या फडात पाथर्डीकडची टोळी तोडत होती. मुकादम हसत हसत म्हणाला, बघा करून, आमचं काय जातंय. त्या टोळीत मंगल नावाची बाई होती, तिशीतली, काटक, तोंडाळ. तिनं आधी उंटाभोवती एक फेरी मारली. "ह्यो चावत न्हाई ना वो भाऊ?" मग मोळी पाळण्यात ठेवली आणि दांडा फिरवला. मोळी वर चढायला लागली तशी मंगलची मान वर वर होत गेली. मोळी धप्पकन ट्रकमध्ये पडली आणि सगळ्या बायांनी एकदम गिल्ला केला. दुसरी मोळी, तिसरी... बाया दांड्यासाठी भांडायला लागल्या. मंगलनं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, कमरेला खोचली आणि मानेवरून हात फिरवत म्हणाली, "भाऊ, लई पुन्य लागंल तुमाला." अण्णा ट्रकच्या मागं जाऊन उभा राहिला. मी गेले तर नाक शिंकरत होता आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "धूळ हाय लई." आम्ही येताना जिलेबी घेतली. त्या दिवशी मी कबूल केलं त्याच्याकडं, जा बाबा, अक्षर दोन नंबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा फडात गेलो तर उंट बांधावर ढकलून ठेवलेला, आणि बाया डोक्यावर मोळ्या घेऊन फळी चढत होत्या. अण्णाला आधी वाटलं काही मोडलं. त्यानं जाऊन साखळी पाहिली, दांडा फिरवून पाहिला. सगळं जागच्या जागी. मंगल खाली उतरली पण आमच्याकडं बघेना. मी तिला हाताला धरून थांबवलं आणि म्हटलं, काय झालं गं, काल तर पुण्य लागेल म्हणत होतीस! ती अण्णाकडं तोंड करून म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. मुकादम म्हनला, मोळी वर चढवायला यंत्र हाय तर बाईमानूस कशापायी आनायचं? म्होरल्या साली अर्धे कोयतेच आनतो म्हनला. आता मला न्हाई आनलं तर मी घरी ऱ्हाऊन काय करू? लेकरांनला काय घालू? मोळी डोक्यावर हाय तवर माजी मोजदाद हाय, भाऊ." एवढं बोलून तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पुढच्या मोळीखाली वाकली.

अण्णानं वजन हिशेबात धरलं होतं, उंची धरली होती, रान किती ओलं, पाचट किती लांब, सगळं सगळं धरलं होतं. कोयता तेवढा धरला नव्हता. कोयत्याच्या पोटी जन्मलेला माणूस, आईला त्यापायी मोडक्या मानेनं ट्रकमध्ये चढताना पाहिलेला, आणि नेमकं तेच विसरला. दुसऱ्या कुणाकडून, शहरातल्या एखाद्या इंजिनिअरकडून झालं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. इथं कुणाला सुनावू? तो मुकादमाकडं गेला, हात जोडले. मुकादमही काही राक्षस नव्हता. म्हणाला, "अण्णा, तुमचं यंत्र ब्येस हाय. पर मला वर जाब द्यावा लागतो. जितं एकानं भागतंय तितं दोन का, असं इचारत्यात." आम्ही परत आलो. जिलेबी उरली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर अण्णानं उंट पुन्हा खोलला. मला वाटलं, सुधारतोय. सुधारत कसला होता, बिघडवत होता! पलीकडच्या अंगाला त्यानं दुसरा दांडा बसवला आणि अशी सोय केली, की एका दांड्यानं यंत्र हलणारच नाही. दोन्हीकडून दोन माणसं हवीत. म्हणजे बाई लागेलच, म्हणजे कोयता पुरा राहील. मी म्हटलं, "अण्णा, जगात माणसं दोघांचं काम एकावर आणायला शोध लावतात, आणि तू एकाचं दोघांवर आणतोयस? डोकं ठिकाणावर आहे का?" तो वेल्डिंगची काच तोंडापुढं धरून म्हणाला, "दोघांनला दांडा, पर डोक्यावर तर कुनाच्या न्हाई." पुढच्या हंगामात तो दोन दांड्यांचा उंट घेऊन या फडातून त्या फडात हिंडला. गडी म्हणायचे, मी तोडू का हितं दांडा फिरवीत बसू? टोळ्यांना घाई असायची, ट्रक खोळंबायचा, ड्रायव्हर शिव्या घालायचा. फळीच बरी, म्हणायचे सगळे. कुणी उंट दुसऱ्यांदा मागितला नाही. त्या खंडेनवमीला दुसरा पाट रिकामाच राहिला आणि कुणी विचारलं तर 'वाटंवर हाय' हेही तो म्हणाला नाही.

मग हार्वेस्टर आला. केवढं धूड, आत एसी, आत बसलेला माणूस कानाला फोन लावून गप्पा मारतोय, आणि पुढून ऊस आत, मागून तुकडे ट्रॉलीत. मोळी नाही, फळी नाही, चुंबळ नाही. अण्णा स्कुटीवर मला मागं बसवून ते बघायला घेऊन गेला. फडाच्या कडेला आम्ही दोघं म्हातारी माणसं उभी. उभा ऊस बघता बघता आडवा होत गेला. मी म्हटलं, घे, आला तुझा महान शोध. पाटावर मावायचा नाही एवढंच. तो म्हणाला, "आईला दावलं असतं तर काय म्हनली असती गं?" मी म्हटलं, आवाज येतोय, जाऊ दे त्याला, असं म्हणाली असती. मग म्हणाला, "डोक्यावरचं वझं गेलं, शारदे. पर त्याच्यासंगं बाईबी गेली. मंगल कुटं गेली आसंल?" मला काय ठाऊक? ती टोळी नंतर तिकडं आलीच नाही. कुणी म्हणालं वीटभट्टीवर गेली, कुणी म्हणालं शिर्डीला हॉटेलात भांडी घासायला. अण्णानं पाथर्डीकडं जाऊन चौकशी केली होती, वहिनींनी आत्ता सांगितलं मला. सापडली नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी ही त्याची शेवटची. मी पोचले तेव्हा हत्यारं मांडून झाली होती. एरवी नवी वस्तू असायची तो पाट त्यानं काढूनच टाकला होता. राहिला होता तो दुसरा, इतकी वर्षं रिकामा ठेवलेला, आणि त्याच्यावर आईची चुंबळ. खिळ्यावरून काढून, धूळ झटकून, वर हळदकुंकू. माणसं कमीच आली होती. त्यानं भाषण केलं नाही, पेढे तेवढे दिले. मी म्हटलं, हे काय? "हाच," तो म्हणाला. "बाईपतूर एवडाच पोचला." मी नेहमीसारखं भांडायला तोंड उघडलं. चाकापासून फोनपर्यंत सगळं मनात एकेक करून आठवून पाहिलं, आणि खरंच, भर उन्हात फळी चढणाऱ्या माझ्या आईच्या डोक्यापर्यंत पोचलेला शोध तेवढा एकच होता. जुन्या लुगड्याची एक वळी. तो शोध कुणी लावला, कधी लावला, कुणाला माहीत नाही. बहुतेक अशाच एखाद्या बाईनं लावला असेल, दुखायला लागलं म्हणून.

यंदा वहिनी म्हणाल्या, "आपल्याला औंदा सण न्हाई, ताई." घरात गमी झालेली, त्यामुळं पाट भिंतीला टेकवूनच राहिले. शेड भाड्याची, ती रिकामी करून द्यायची होती. उंटाचं काय करायचं म्हणून मी दहा ठिकाणी जीभ झिजवली. एका शाळेला विचारलं, ते म्हणाले मुलं चढून पडतील. अण्णाच्या एका दोस्ताला विचारलं, तो म्हणाला वेलच गेला, आता मांडव कशाला ठेवता. वहिनी म्हणाल्या, जाऊ द्या आता, लोखंड हाय ते. दसरा झाल्यावर भंगारवाला आला. त्यानं गॅसनं उंट कापला. मान निराळी, पाय निराळे, दोन दांडे निराळे. पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवलेला, म्हणून टेम्पो शेडपर्यंत येईना, पलीकडच्या डांबरीवरच थांबला. त्याच्याबरोबर दोन बाया होत्या. त्यातल्या एकीनं पदराचा बोळा करून डोक्यावर ठेवला आणि उंटाच्या मानेच्या तुकड्याखाली वाकली. मी ओरडले, "थांब गं!" ती घाबरून उभी राहिली. मला तिला काय सांगायचं होतं तेच आठवेना... की बाई, तू जे डोक्यावर घेतीयस, ते तुझ्या डोक्यावर काही येऊ नये म्हणून केलेलं आहे? सांगून काय उपयोग? मी खिळ्यावरून आईची चुंबळ काढली आणि तिला दिली. तिनं ती दाबून पाहिली. "झ्याक हाय की मावशी. कुनी वळलीया?" मी म्हटलं, "माझ्या भावानं."

तिनं ती डोक्यावर ठेवली, दुसरीनं लोखंडाला हात लावला आणि ती उकरलेल्या मातीवरून चालत गेली. टेम्पोला फळी लावलेली होती. ती चढताना मी दुसरीकडं बघत होते. सगळे तुकडे वर गेल्यावर ती घाम पुसत परत आली आणि चुंबळ माझ्या हातात दिली. गरम होती.